शेरवानीची सात काजं

१

मलमलीची पिशवी वर ओढली गेली, पुतळ्यावरची शेरवानी खिडकीच्या उजेडात आली, आणि दुकानातली पाचही माणसं बोलता बोलता थांबली.

शेरवानी गर्द जांभळ्या मखमलीची होती. जरीचं काम फक्त कॉलरवर आणि मनगटांवर. बाकी अंगभर नुसती मखमल, आणि गळ्यापासून खाली सात बटणं. पाठ गर्द, बाह्या गर्द, उजवी बाजू गर्द. डावी बाजू मात्र गळ्यापासून गुडघ्यापर्यंत फिकी, जणू तेवढाच भाग कुणी महिनाभर उन्हात वाळत घातला होता.

लग्न उद्या होतं. आज संध्याकाळी सहा वाजता नवरदेव स्वतः शेरवानी न्यायला येणार होता.

"उलटी कापलीय," मालक म्हणाले. "एका बाजूची लव वर, दुसरीची खाली. मास्तर, ही नवशिक्याची चूक आहे हो."

मास्तर एक्केचाळीस वर्षं त्याच टेबलावर कापत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फिकी बाजू फिकीच राहिली.

"असेल," ते म्हणाले. "उजवा डोळा हल्ली दगा देतो."

मालकांनी भिंतीकडे हात केला. तिथे त्यांनीच लावलेली पाटी होती: 'ज्याच्या हातून कपडा बिघडेल, त्याने हत्यार खाली ठेवावे.' तीन महिन्यांपूर्वी याच पाटीपायी मशीनवरचा एक चांगला कारागीर एका कोटाला डाग पाडला म्हणून घरी गेला होता.

"नियम सगळ्यांना सारखा," मालक म्हणाले. "मला वाईट वाटतंय. पण आज संध्याकाळी कात्री टेबलावर ठेवा."

धाकटे मास्तर जमिनीकडे बघत होते. मास्तर गेले की टेबल त्यांनाच मिळणार, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. इस्त्रीवाले काका तर श्वाससुद्धा बेतानं घेत होते. त्या शांततेत पुतळ्यापाशी वाकलेली एक बाई भिंगातून बघत म्हणाली,

"ही काजं माझी नाहीत."

२

तिला सगळे भिंगताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहायचं. ती दुकानात एकच काम करायची: हातानं काजं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं आणि डोक्यात सतत काहीतरी मोजणं चाललेलं असायचं. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि त्यातली नववी अर्धा इंच बुटकी आहे, हे दुकानात तिलाच माहीत होतं.

"काजं तुझी नाहीत म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"मी काजाला पुढच्या टोकाशी गोल डोळा करते, बटणाची दांडी बसायला. मागच्या टोकाला आडवा टाका. इथे दोन्ही टोकांना आडवा टाका आहे. आणि मी दोऱ्याला मेण लावते. याला मेण नाही, बघा, दोरा पिंजारलाय. सातही काजं दुसऱ्या कुणाची आहेत."

"महिन्याला शेकड्यांनी काजं करता तुम्ही," मालक म्हणाले. "त्यात लक्षात काय राहणार?"

"स्वतःची सही ओळखायला लक्षात ठेवावं लागत नाही, मालक."

धाकट्या मास्तरांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"शनिवारी मी या डाव्या बाजूवर सात काजं केली," ती पुढे म्हणाली. "आज इथे दुसऱ्याची आहेत. केलेलं काज उसवून परत करता येत नाही, कापडाला चीर पडलेली असते. म्हणजे काजं नाही बदललेली. अख्खी डावी बाजू बदललीय. मूळची काढली, उरलेल्या मखमलीतून नवी कापली, जोडली, काजं केली."

तिला वाटलं, झालं, मास्तर सुटले. मालकांनी मात्र मान हलवली.

"मग हे तर आणखी वाईट झालं," ते म्हणाले. "म्हणजे मास्तरांच्या हातून मूळची बाजू बिघडली आणि त्यांनी ती गुपचूप बदलून टाकली. चुकीला एक वेळ माफी असते, ताई. लपवाछपवीला नसते."

मास्तर स्टुलावर बसले. आपणच आपल्या हातानं म्हाताऱ्याच्या गळ्यात फास अडकवला, असं भिंगताईला वाटलं.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

"एक वाजेपर्यंत. एकला मी नवरदेवाच्या घरी फोन करणार."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

३

सोमवारच्या शेवटच्या ट्रायलचे फोटो हवे होते, म्हणून ती आधी मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक उजव्या हातानं फोन चाळत होते. डाव्या हातात चहाचा कप होता आणि त्या हाताचं पहिलं बोट ताठ वर उचललेलं, नाटकातल्या सरदारासारखं. टेबलामागे कोपऱ्यात अस्तराच्या कापडाच्या सात-आठ गुंडाळ्या उभ्या होत्या. भिंतीवर कॅलेंडर, सासऱ्यांचा फोटो, आणि पंख्याच्या धुळीनं करड्या झालेल्या काचेखाली शिवणकामाच्या कुठल्याशा संस्थेचं बावीस वर्षांपूर्वीचं, प्रथम वर्गाचं प्रशस्तिपत्र. हे दुकान सासऱ्यांचं. जावई आल्या दिवसापासून केबिनमध्ये बसले ते बसलेच.

"फोटो माझ्याकडे नाहीत," मालक म्हणाले. "आत्याबाईंनी काढले होते."

आत्याबाई म्हणजे नवरदेवाची आत्या. दोन गल्ल्या सोडून राहायची, त्यामुळे दुकानात तिच्या दिवसातून दोन फेऱ्या ठरलेल्या. आजची पहिली फेरी साडेदहाला झाली. भिंगताईनं त्याआधीच पिशवी परत चढवून ठेवली होती.

"आजही झाकलेलीच?" आत्या म्हणाली. "अगं, नवरीला तरी इतकं झाकत नाहीत."

"आत्याबाई, सोमवारचे फोटो बघू का? एक बटण तपासायचंय."

फोटो एक नव्हता, एकोणीस होते. पंधरामध्ये आत्या स्वतःच मध्ये आली होती. उरलेल्या चारांत शेरवानी नीट दिसत होती: खिडकीतला संध्याकाळचा उजेड, आणि डावी-उजवीकडे रंगात काडीचाही फरक नाही. फोटो मोठा केल्यावर काजाचा गोल डोळाही दिसला. म्हणजे सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं.

"बुधवारी तुम्ही इथे तासभर बसला होतात ना?"

"बसले होते. त्या गर्दीत चहासुद्धा विचारला नाही कुणी. म्हटलं, जरा डोळे भरून बघते, तर तुमचे मालक म्हणतात पिशवी काढू नका, मखमलीला धूळ लागते. मी काय धुळीचं पोतं आहे?" आत्या थांबली. "का गं? काही झालंय का?"

भिंगताईनं मनातल्या मनात हिशेब केला. एका काजाला चांगल्या हाताला पंचवीस मिनिटं लागतात. सात काजांना तीन तासांना पाचच मिनिटं कमी. शिवाय उसवणं, कापणं, जोडणं, अस्तर. एका तासाच्या रुसव्यात यातलं काहीच बसत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी सहाला या. चहाची जबाबदारी माझी."

आत्या गेली. बुधवार आणि गुरुवार दुकान सकाळपासून माणसांनी भरलेलं होतं, पुतळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उरला मंगळवार. मंगळवारी दुकान बंद असतं. शटरच्या किल्ल्या तिघांकडे: मालक, धाकटे मास्तर, आणि इस्त्रीवाले काका.

मास्तरांकडे किल्ली नव्हती. हे मालकांना ठाऊक नसेल, असं कसं होईल?

४

"ताई, मला यात ओढू नका," इस्त्रीवाले काका म्हणाले. "दोन मुलींची शिक्षणं आहेत. त्या पाटीवर मी रोज सकाळी नमस्कार करून इस्त्री तापवतो."

"मी काही विचारलंसुद्धा नाही अजून."

"तुमचं ते भिंग बघूनच घाम फुटतो."

ती त्यांच्या बाकाशेजारी बसली. काका दुकानात सगळ्यांत आधी यायचे, नऊला. वाफेची इस्त्री, ब्रश, ओली फडकी, सगळं रांगेत.

"मखमलीला इस्त्री कशी करता, काका?"

"करतच नाही," काका म्हणाले, आणि विषय त्यांच्या आवडीचा निघाल्यामुळे घाम विसरले. "मखमलीला इस्त्री टेकवायची नसते. टेकवली की लव आडवी होते, चकचकीत डाग उठतो, बघणाऱ्याला वाटतं जळलं. मखमलीला मागून नुसती वाफ द्यायची. तिला हात लावायचा तो पाहुण्यासारखा."

"आणि तुम्ही ही शेरवानी कधी घेतली होती हातात?"

"सोमवारी सकाळी वाफ दिली. त्यानंतर नाही. आईशपथ."

"मग बुधवारी सकाळी तुम्ही काय बघितलंत?"

भिंगताईनं अंदाजानंच खडा टाकला होता. तो लागला, हे तिला त्यांच्या कानांवरून कळलं. लाल झाले होते.

"इस्त्री उभी होती," ते शेवटी पुटपुटले. "मी रोज जाळीवर आडवी ठेवून जातो. बुधवारी उभी होती. पाण्याची टाकी सोमवारी रिकामी केली होती तशीच कोरडी. म्हणजे कुणीतरी कोरडीच वापरली. आणि इस्त्रीच्या खालच्या तव्यावर..." त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "तव्यावर जांभळी लव चिकटली होती. मी घासून काढली. बोललो नाही. बोललो असतो तर पहिला संशय कुणावर, सांगा?"

"तुमच्यावर."

"मग?"

"मग आता निदान एवढं कळलं की मूळची बाजू का काढली," भिंगताई म्हणाली. "मंगळवारी कुणीतरी मखमलीवर कोरडी, तापलेली इस्त्री टेकवली."

अकरा वाजून वीस मिनिटं.

५

धाकटे मास्तर तिला बघताच म्हणाले, "मंगळवारी मी सासुरवाडीला होतो."

"मंगळवारचं मी अजून विचारलं नाही."

"विचारणारच होतात."

"सासुरवाडीला कोण कोण होतं?"

"सासरे."

"आणि सासरे काय म्हणत होते?"

धाकट्या मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. बारा वर्षांपूर्वी ते या दुकानात कोवळ्या वयात आले, मास्तरांनीच त्यांना खडू धरायला शिकवला. आता मिशी आली होती आणि थोडा तोराही.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "मी इथे आलो होतो. दुपारी दोनला. हसू नका, पण मी दर मंगळवारी येतो. मास्तरांच्या टेबलावर, मास्तरांच्या कात्रीनं जुन्या चादरी कापतो. ती कात्री हातात बसत नाही माझ्या. त्यांच्यासमोर सराव करायची लाज वाटते."

"हसत नाही. मग?"

"मग काही नाही. शटरला कुलूप नव्हतं. खालून पिवळा दिवा दिसत होता. वाटलं, मास्तरच असतील आत. चादर काखेत मारून परत गेलो. आज सकाळी मालकांनी त्यांच्यावर आळ घेतला तेव्हा खाली बघत राहिलो. वाटलं, बोललो तर मीच त्यांना अडकवेन."

"मास्तरांकडे किल्ली कुठे आहे?"

धाकट्या मास्तरांच्या हातातली टेप सुटून सरसर उलगडत जमिनीवर गेली.

"नाहीच आहे की," ते म्हणाले. "सकाळी रोज काकांनी शटर उघडल्यावरच येतात ते. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

पण याचा अर्थ असाही होता, आणि तो दोघांनाही एकाच क्षणी कळला: धाकट्या मास्तरांच्या मंगळवारच्या गोष्टीला साक्षीदार नाही, त्यांच्याकडे किल्ली आहे, त्यांना कापता येतं, काजं करता येतात, आणि म्हातारा गेला तर टेबल त्यांचं.

"भिंगताई," धाकटे मास्तर म्हणाले, "मी नाही हो."

६

मास्तर स्टुलावर बसून कात्री तेलाच्या फडक्यानं पुसत होते. पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत, मुठीपासून टोकापर्यंत. निरोपाचं पुसणं होतं ते.

"मास्तर, मखमल कशी कापता तुम्ही?"

"लव वर. खालच्या काठाकडून गळ्याकडे," ते कात्रीकडेच बघत म्हणाले. "उस्तादांनी बोटं धरून शिकवलं. उजेड वरून येतो. लव वर तोंड करून असली की उजेड आत शिरतो आणि आतच अडकतो, रंग गर्द दिसतो. लव खाली असली की उजेड तिच्या पाठीवरून घसरून सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो. फिका दिसतो."

भिंगताईनं पुतळा त्यांच्याजवळ ओढला. "डोळे मिटा. हात फिरवून बघा."

मास्तरांनी डोळे मिटले, उजव्या बाजूवर तळहात ठेवला. "वर." डाव्या बाजूवर ठेवला. "खाली."

"आता सांगा, तुमच्या हातून हे होईल?"

मास्तरांनी डोळे लगेच उघडले नाहीत. तळहात मखमलीवरच होता. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली.

"डोळ्याच्या हातून होईल," ते म्हणाले. "माझ्या हातून नाही होणार. लव कुणी डोळ्यानं बघतच नाही. ती तळहातानं बघायची असते, आणि तळहाताला मोतीबिंदू होत नाही."

"मग ते पुसणं थांबवा."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. दहा वाजल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"लव खाली ठेवून कोण कापतं?" तिनं विचारलं.

"संस्थेत शिकलेले. त्यांच्या पुस्तकात तसंच असतं. त्यांना वाटतं, हात फिरवला तर लव विस्कटत नाही, कपडा जास्त टिकतो. चूक नाही ती, पोरी. वेगळी रीत आहे. आमच्याकडचं कुणी असं कापणार नाही. आमचा हा धाकटासुद्धा नाही कापणार. त्याला मीच शिकवलंय, झोपेत कापला तरी वरच कापेल."

भिंगताई शेरवानीपुढे गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यापासून सातव्यापर्यंत काजं पुन्हा मोजू लागली. एका बाजूचे टाके. गळ्याशी पहिलं: सतरा टाके, वाकडे, दोन जागी अंतर सुटलेलं. दुसरं: एकोणीस. तिसरं: एकोणीस, जरा सरळ. चौथं: एकवीस. पाचवं: बावीस. सहावं: तेवीस. सातवं: चोवीस, सगळे एका मापाचे. तिच्या स्वतःच्या काजात चोवीसच टाके असत.

रोज काजं करणाऱ्याचं पहिलं आणि सातवं सारखं असतं. नवख्याची सातही वाईट असतात. पण वाईटापासून उत्तमापर्यंत एका दुपारीत पोचलेली सात काजं? तो हात शिकत नव्हता. तो हात आठवत होता. पूर्वी कधीतरी संस्थेत रीतसर शिकलेला आणि मग कित्येक वर्षं सुई न धरलेला हात.

"मास्तर," ती उठत म्हणाली, "सगळ्यांना केबिनपाशी बोलवा."

पावणेएक झाला होता.

७

मालकांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात चहाचा कप, आणि नवरदेवाच्या घरचा नंबर पडद्यावर.

"पंधरा मिनिटं आहेत अजून," भिंगताई म्हणाली. धाकटे मास्तर पुतळा उचलून दारात घेऊन आले, मागे काका, त्यांच्यामागे मास्तर.

"हे सगळं मंगळवारी झालं," तिनं सुरुवात केली. "सोमवारी संध्याकाळचे फोटो आहेत, बुधवारपासून दुकान भरलेलं. किल्ल्या तीन. काका कापत नाहीत, काजं करत नाहीत. धाकटे मास्तर दोन्ही करतात, पण लव वर ठेवून. ही बाजू लव खाली ठेवून कापलीय, संस्थेच्या पुस्तकाप्रमाणे. मालक, सकाळी तुम्ही म्हणालात ही नवशिक्याची चूक आहे. नवशिक्याची नाही. ही प्रथम वर्गात पास झालेल्याची चूक आहे."

सगळ्यांचे डोळे भिंतीवर गेले. धुळीमागचं प्रशस्तिपत्र आज पहिल्यांदाच कुणी वाचत होतं.

"बावीस वर्षांपूर्वीचा कागद आहे तो," मालक म्हणाले. "मी सुई धरून जमाना झाला."

"ते काजांवरून कळतंय. पहिलं सतरा टाक्यांचं, सातवं चोवीस. हात सातव्यापर्यंत जागेवर आला तुमचा."

"हा पुरावा झाला?"

"नाही. सुईवाल्यांचं डाव्या हाताचं पहिलं बोट घट्ट झालेलं असतं, कापडाखालून सुई तिथेच टोचते. सवय गेली की ते मऊ पडतं आणि मग सुईनं सोलून निघतं. तुमचं बोट दाखवता?"

मालकांनी कप खाली ठेवला. बोट दाखवलं नाही, लपवलंही नाही.

"आणि तेही पुरं नसेल तर मूळची बाजू शोधू," ती म्हणाली. "ती फेकलेली नाही. नवी कापायला तिचाच नमुना केला असणार. आणि कापड शिकलेला माणूस मखमल घडी घालून ठेवत नाही, मोड पडते. तो ती गुंडाळतो, लव बाहेर ठेवून. तुमच्या मागे अस्तराच्या गुंडाळ्या आहेत. परवा मी त्यातलं रेशमी अस्तर मागितलं, तर तुम्ही म्हणालात, नंतर."

पंखा फिरत होता. काकांच्या ओठांवर घाम होता. मालक उठले. क्षणभर वाटलं, ते आता ओरडणार. पण ते वळले, कोपऱ्यातली सगळ्यांत जाड गुंडाळी उचलली, आणि टेबलावर सोडली. वरचं अस्तर उलगडत गेलं, आणि आत गर्द जांभळी मखमल, काठावर मेण लावलेल्या दोऱ्याची सात काजं. खालच्या कोपऱ्यापाशी इस्त्रीच्या नाकाच्या आकाराचा चकचकीत डाग.

"खालच्या काठाला एक चुणी होती," मालक म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "दुकान बंद होतं. वाटलं, एवढ्या वर्षांनी आपणही एखाद्या कामाला हात लावावा. टेकवली मात्र..." ते खुर्चीत बसले. "वाटलं, बदलून टाकीन, कुणाला कळणार नाही. पिवळ्या दिव्यात रंग सारखाच दिसला. आज उजेडात बघितलं आणि तोंडातून मास्तरांचं नाव निघून गेलं. निघाल्यावर परत घेता येईना."

"घेता आलं असतं," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मालकांनी मान खाली घातली.

काका पुढे आले. त्यांनी डाग उजेडात धरला, जवळून बघितला, वास घेतला.

"हे जळलेलं नाहीच," ते म्हणाले. "लव दबलीय नुसती. दहा मिनिटांचं काम होतं, मालक. मला एक हाक का नाही मारलीत?"

"कशी मारणार?" मालक म्हणाले. "भिंतीवर पाटी मीच लावलीय."

८

दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चाललं.

काकांनी मखमल उलटी धरून मागून वाफ दिली. पांढरी वाफ कापडातून आरपार वर आली. मग ब्रश, लवेच्या विरुद्ध, इतका हलका की आवाज येऊ नये. डाग तसाच. दुसऱ्यांदा वाफ, दुसऱ्यांदा ब्रश. डागाच्या कडा विरल्या, मधला भाग मात्र काचेसारखा चमकत राहिला. काकांनी कुणाकडे बघितलं नाही.

"दम धरा," ते मखमलीला म्हणाले की माणसांना, कळलं नाही.

तिसऱ्यांदा वाफ दिल्यावर भिंगताईनं भिंग लावलं. एक एक केस मान वर करत होता. पावसात भिजलेलं गवत उन्हानं उठतं, तसा. तिनं मोजायचा प्रयत्न केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजणं सोडून नुसतं बघत राहिली.

"आली," ती म्हणाली.

मग कुणी बसलं नाही. धाकट्या मास्तरांनी परकी बाजू उसवली. मास्तरांनी मूळची बाजू लावली, डोळे अर्धे मिटून, तळहातानं. खांद्याची शिवण त्यांनी धाकट्यांच्या हाती दिली, आणि कात्रीही. "अंगठा भोकात पूर्ण घालू नकोस," ते म्हणाले. "चादरींवर तू नेमकं तेच करतोस." धाकटे मास्तर कानापर्यंत लाल झाले. म्हाताऱ्याला मंगळवारचं सगळं ठाऊक होतं.

अस्तर उरलं. चार वाजले होते, हात तीनच होते, आणि अस्तराची हातशिलाई लांबलचक होती. मालक केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी मघाशी स्टूल घेऊन पाटी स्वतःच उतरवली होती. आता ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली होती.

मास्तरांनी सुई ओवली आणि त्यांच्यापुढे धरली.

"हत्यार खाली ठेवायचं तर आधी उचलायला लागतं," ते म्हणाले. "बसा. लव माझ्याकडे राहू द्या, तुम्ही अस्तर घ्या."

मालक बसले. पहिले चार टाके वाकडे आले. भिंगताईनं आपल्या बोटावरची धातूची टोपी, अंगुस्तान, काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

"सातवं काज खरंच चांगलं जमलं होतं," ती म्हणाली. "डोळा करायला शिकवेन."

९

सहाला पाच कमी असताना नवरदेव आला, मागोमाग आत्या. पिशवी उघडण्याआधी मालक पुढे झाले. बोलताना ते अडखळले, पण एक शब्द गाळला नाही: काय झालं, कुणी केलं, आणि दोष सकाळी कुणावर टाकला. नवरदेवानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर कॉलरवरचा नसलेला दोरा वेचत होते.

"घालून बघतो," नवरदेव म्हणाला.

तो पडद्यामागून बाहेर आला तेव्हा पहिलं बटण लावलेलं होतं. दुसरं त्यानं चालता चालता लावलं, तिसरं आरशापाशी. प्रत्येक बटण काजाच्या डोळ्यात टक् करून बसत होतं. सातवं लागलं आणि पोरगा आपोआप ताठ झाला. सकाळपर्यंत तो कुठल्याशा कार्यालयात वाकून टंकलेखन करणारा साधा माणूस होता. आता त्याच्या खांद्यांना खांदे होते.

"आत नाही कळत काही," आत्या म्हणाली. "बाहेर चल."

बाहेर ऊन उतरतं होतं, तिरकं आणि निर्दय, कुठलीही चूक चव्हाट्यावर आणणारं. नवरदेव फुटपाथवर उभा राहिला आणि सावकाश, पूर्ण एक फेरी वळला. डावीकडून, मागून, उजवीकडून, समोरून. एकच रंग. उजेड जितका त्याच्यावर पडला, तितका आत शिरून गर्द झाला. समोरच्या दुकानातला घड्याळजी बाहेर येऊन उभा राहिला. एका स्कूटरवाल्यानं गाडी हळू केली, मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि मग तोही बघत राहिला.

आत्यानं भाच्याभोवती दोन चकरा मारल्या. वाकून काठ बघितला, बोट न लावता. तिला बोलायला शब्द सापडत नाहीत, असं या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं.

"माझ्या धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी आहे," ती शेवटी म्हणाली. "त्याचं माप आजच घ्या. तो येतोय मागून."

मालकांचा हात सवयीनं वही-पेनाकडे गेला.

"तुम्ही लिहा," आत्या म्हणाली. "माप मास्तर घेतील. आणि कापतीलही तेच. दुसरं कुणी कापणार असेल तर मी आत्ताच सांगते, मला नको."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. त्यांनी गळ्यातली टेप सरळ केली, दोन्ही टोकं एका पातळीत आणली, आणि तेवढ्यात येऊन पोचलेल्या आत्याबाईंच्या धाकट्याला खांदे सैल सोडायला सांगितलं.